संशयी खल आणि कोरी रोपं

थांबा. हात लावू नका. आधी बोटं दाखवा.

हातमोजे नाहीत ना? वाटलंच. मग मित्रांनो, तिथूनच ऐका, जरा लांबून. खरं म्हणजे आता तुमचं बोट लागल्यानं माझं काही बिघडणार नाही. पण जन्मभराची सवय म्हातारपणी कशी सुटावी?

मी आहे एक जुना खल. पांढऱ्या चिनीमातीचा, वाटीएवढा, एका कडेला टवका उडालेला आणि त्या टवक्यापासून बुडापर्यंत केसासारखी भेग गेलेला. खलबत्त्यातला बत्ता कधीच फुटला. उरलो तो मी.

माझं नावच असं आहे, की लोक आधीच सावध होतात. खल म्हणजे दुष्ट. गोष्टीतला खलनायक माझाच नावबंधू. शिवाय चार शहाणी माणसं एकाच मुद्द्यावर घसा कोरडा होईपर्यंत बोलत बसली, की 'बराच खल झाला' असंही म्हणतात. भांडं, दुष्ट आणि चर्चा या तिन्ही खलांची माझ्या आयुष्यात एकदा गाठ पडली. ती हकीकत सांगतो. खरी वाटली तर माना. मी तुमच्या जागी असतो तर लगेच मानली नसती.

माझा जन्म भट्टीतला. बाहेर काढल्यावर एका माणसानं मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. टण्ण आवाज आला तर कपाटात, बद्द आला तर कचऱ्यात. माझ्या शेजारचा माझ्याइतकाच गोरागोमटा होता. बद्द वाजला आणि गेला. जगात आल्या आल्या ही वागणूक! तेव्हाच मी ठरवलं, की जे आपल्याला वाजवून घेतात त्यांना आपणही वाजवून घ्यावं.

पुढे मी एका प्रयोगशाळेत आलो. तिथे तणांचा अभ्यास चाले. आपण न पेरता, न बोलावता शेतात उगवतं आणि पिकाच्या ताटातलं खातं, ते तण. त्याला मारायला जे विष फवारतात, त्याला लोक 'औषध' म्हणतात. कोणाचं औषध, ते तणाला विचारा! पण गंमत अशी, की काही तणं त्या औषधाला भीक घालेनाशी झाली. रुंद पानांचं, लालसर देठाचं एक तण तर फवारा अंगावर घेऊन दोन दिवस मान टाकायचं आणि तिसऱ्या दिवशी अंघोळ केल्यासारखं टवटवीत उभं राहायचं. ते असं कसं जगतं, हे शोधायचं काम ताईंचं होतं.

ताई म्हणजे तिथल्या संशोधक. बारीक चणीच्या, कायम घाईत, चष्मा डोक्यावर ठेवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी मला समजावलेलं तुम्हाला सांगतो. मला म्हणजे माझ्याकडे बघत स्वतःलाच. कामात त्या मोठ्यानं बोलायच्या.

रोपाच्या प्रत्येक पेशीत एक जाडजूड पोथी असते. जगायचं कसं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. पण रोप सगळी पोथी एकदम वाचत नाही. ऊन लागलं की उन्हाचं पान उघडतं, कीड लागली की किडीचं. विष पडलं की घाईघाईनं कुठलं तरी पान उघडून त्याच्या नकला काढतं आणि कामाला लागतं. या पानांना म्हणतात जनुकं, आणि नकलांना आरएनए. नकला कोणत्या पानाच्या आणि किती, हे मोजलं, की रोपाच्या मनात काय चाललंय ते कळतं.

पण नकला फार हळव्या. तुमच्या बोटाच्या घामातच त्यांना खाऊन टाकणारं काहीतरी असतं. म्हणून रोपाचं पान तोडलं की क्षणात गोठवायचं. वाफा सोडणारा, हाडं गोठवणारा द्रवरूप नायट्रोजन माझ्यात ओतायचे, त्यात पान टाकायचे आणि बत्त्यानं कुटायचे. हिरवी पूड व्हायची, पिठीसाखरेसारखी. काम संपलं की मला घासायचे, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायचे आणि भट्टीत भाजायचे, न जाणो माझ्या अंगाला कोणाचा घाम चिकटला असेल! सीतेची अग्निपरीक्षा एकदा झाली, माझी रोज.

या सगळ्यावर देखरेख सरांची. सर तिथले प्रमुख. उंच, खांदे पाडून चालणारे, बोलण्याआधी नाकानं हुंकार देणारे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "विश्वास घरी ठेवून यायचा. इथे फक्त संशय." नळाच्या पाण्यावर संशय, बर्फावर संशय, हातमोज्यांच्या नव्या खोक्यावर संशय. मला हा माणूस पाहताक्षणी आवडला. माझाच भाऊ वाटला, फक्त भाजायचा राहिलेला.

आता राहिले शिंपीकाका. प्रयोगशाळेच्या मागे काचघर होतं आणि कुंड्यांतली सगळी रोपं त्यांच्या ताब्यात. काचघराची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, मापाच्या टेपच्या तुकड्याला बांधलेली. रोपांना पाणी शिंपतात म्हणून शिंपीकाका, असं सगळे धरून चालले होते. मी मात्र त्या टेपकडे संशयानं बघायचो. पाणी घालणाऱ्याला टेप कशाला? हा माणूस मोजतो तरी काय? पण मला विचारता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना सुचलं नाही.

प्रयोग असा होता. त्याच चिवट तणाच्या कुंड्यांच्या काही रांगांवर ताईंनी औषध फवारायचं. एका रांगेवर तितकंच पाणी, तोच पानाला चिकटवणारा द्रव, सगळं तेच, फक्त औषध नाही. मग दोन्हींची पानं कुटून बघायचं, की औषधानं नक्की काय बदललं. औषध हाताळलेल्या हातांनी त्या दुसऱ्या रांगेला शिवायचंसुद्धा नाही, असा सरांचा नियम. म्हणून ती रांग पूर्णपणे काकांकडे, अगदी पानं तोडण्यापर्यंत. त्यासाठी ताईंनी नवाकोरा पंपही आणून दिला.

फवारणीच्या दिवशी मी ताईंच्या सामानाच्या पेटीतून काचघरात गेलो होतो. त्यांनी तोंडावर मुखपट्टी चढवली, एक पाय दाराबाहेर ठेवला आणि सांगितलं, "काका, ही रांग कोरी ठेवायची हं."

"कोरी?"

"कोरी. अगदी कोरी."

"बरं. कोरी तर कोरी."

दोघांनी मिळून तो शब्द भेंड्यांच्या खेळासारखा एकमेकांकडे फेकला, आणि दोघंही आपापल्या कामाला गेले.

पानं आली. मी कुटली. त्या कोऱ्या रांगेची पानं बत्त्याखाली जरा जास्तच पटकन भुगा होत होती, पापडासारखी. मला ते खटकलं. पण खलाचं खटकणं कोण ऐकतो? पूड पुढे गेली, नकला वाचणाऱ्या यंत्राकडे गेली, आणि यथावकाश निकाल आला. ताईंनी तो पडद्यावर उघडला आणि त्यांचा चष्मा डोक्यावरून आपोआप नाकावर आला.

औषध न लागलेली रोपं शांत असायला हवी होती, पोथी मांडीवर ठेवून डुलक्या काढणारी. पण त्यांनी तर संकटाची पानं भराभरा उघडली होती. घरात आग लागल्यासारखी.

सर हुंकारले. "खल भाजला होता?"

"भाजला होता, सर."

"कोणी भाजला?"

"मीच."

"बघितलं कोणी?" त्यांनी मला उचलून उजेडात धरलं. "हे बघा. भेग आहे. औषध लागलेल्या पानाची पूड भेगेत बसली, आणि ती या पानांत आली. खल बदला."

मित्रांनो, माझ्यावर! ज्यानं आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतला, त्याच्यावरच संशय! मी भरलेला असतो तर उलटाच झालो असतो.

मला कचऱ्यात टाकायला निघाले तेव्हा शिंपीकाका दारात उभे होते. म्हणाले, "टाकताय कशाला? द्या मला. खताचे खडे फोडायला होईल."

असा मी काचघराच्या पायरीवर आलो. कुठे तो धुराळणारा नायट्रोजन आणि कुठे हे खताचे खडे! बत्ता पहिल्याच आठवड्यात एका टणक खड्यावर फुटला. त्यानं बिचाऱ्यानं असलं काम कधी पाहिलंच नव्हतं.

तिकडे नवा खल आला, सगळा प्रयोग पुन्हा झाला. निकाल? तोच. कोरी रोपं पुन्हा पेटलेली. म्हणजे मी निर्दोष होतो. पण "खलोबा, चुकलं हं" म्हणायला कोणीही पायरीपर्यंत आलं नाही. आले ते सर.

काका तेव्हा एक कुंडी मांडीवर घेऊन तिची माती मोकळी करत होते.

"काका, या रांगेला औषध लागलंय," सर म्हणाले.

"नाही साहेब."

"चुकून?"

"चुकूनसुद्धा नाही."

"पंपांची अदलाबदल झाली असेल. किंवा रांगांची."

"माझ्या हातून रांग बदलत नाही, साहेब. डोळे मिटून सांगतो कुठली कुंडी कुठे."

"तेच तर. डोळे मिटूनच काम झालंय." सरांनी हात पुढे केला. "माझा तुमच्यावर राग नाही. पण खात्री होईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहू दे. आणि खात्री झाली, तर मग ती परत मिळणार नाही. ते आधीच सांगतो."

काकांनी किल्ली काढली. टेपचा तुकडा तिच्याभोवती नीट गुंडाळला, लहान मुलाला शाळेत पाठवताना मफलर गुंडाळावा तसा, आणि सरांच्या तळहातावर ठेवली. मग ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. त्या दिवसापासून काचघराचं दार दुसरं कोणी उघडायचं. काका बाहेर बसून रिकाम्या कुंड्या धुवायचे. धुतलेल्याच पुन्हा धुवायचे.

आणि मी? मी काकांकडे बघत बसायचो. शंका माझ्याही पोटात होतीच. टेप कशाला? पण एक गोष्ट जुळत नव्हती. माणूस कुंडी हातात घ्यायचा तो आधी बोटानं काठ पुसून. असा माणूस विषाच्या कामात अजागळपणा करेल? संशयाला दोन्ही बाजूंनी धार असते, मित्रांनो. ती नीट वापरली तर ती संशयालाही कापते.

मग एका दुपारी ताई आल्या. चष्मा डोळ्यांवरच होता, म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांनी एक कुंडी उपडी केली आणि तिच्यावर बसल्या.

"काका, मी सगळा निकाल पुन्हा पाहिला. एकेक पान."

"बघा ताई. तुम्ही शिकलेल्या. निघेल काहीतरी."

"औषध लागलं असतं, तर औषध मोडून टाकणारी पानंही उघडली असती. ती तर मिटलेली आहेत. म्हणजे औषध लागलेलं नाही."

काकांनी हातातली धुतलेली कुंडी हळूच खाली ठेवली.

"पण कसलं तरी संकट आलंय त्यांच्यावर. सरांना हे अर्धंच पुरायचं नाही. ते विचारणार, औषध नाही तर मग काय?"

"मला काय विचारता? किल्ली गेली ना माझी." काकांचा आवाज जरा चढला आणि लगेच बसला. "घरी सांगितलं नाही अजून. सांगू काय? मशीन सुनेच्या हाती दिलं तेव्हा म्हणालो होतो, मला तिकडे काचघर आहे, किल्ली आहे. रोज विचारते, 'मामंजी, आज लवकर कसे?'"

"कसलं मशीन?"

"शिलाईचं. दुसरं कसलं? सुईत दोरा ओवायला तिलाच हाक मारायला लागायची, म्हटलं आता तूच बस."

"तुम्ही शिंपी होता?"

"अहो ताई, मग नाव काय उगाच पडलं?"

"मला वाटलं, पाणी शिंपता म्हणून."

काकांनी कपाळावर हात मारला. "सगळी उमर कापडात गेली, आणि लोकांनी पाण्यात घातली!"

दोघंही हसले. मी नाही हसलो. टेपचं कोडं सुटलं होतं, पण त्यातून दुसरं काहीतरी डोकं वर काढत होतं.

ताई मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, त्या कोऱ्या रोपांना तुम्ही नक्की काय दिलंत? रागावणार नाही मी."

"काही नाही. शपथ. थेंबसुद्धा नाही."

"औषधाचा थेंब नाही, ते कळलं."

"पाण्याचा म्हणतोय मी."

ताईंच्या हातातलं पेन कुठेतरी पडलं. "पाण्याचा?"

"कोरी ठेवा म्हणालात ना! फवारणीपासून पानं तोडून होईपर्यंत पाणी लागू दिलं नाही. शेजारच्या कुंड्यांचे शिंतोडे नकोत म्हणून प्लॅस्टिकचा आडोसासुद्धा लावला. जीव तुटायचा हो माझा. दुपारी माना टाकायची बिचारी, आणि संध्याकाळी माझ्याकडे बघायची. पण म्हटलं, प्रयोग आहे. ताई दोनदा म्हणाल्यात, अगदी कोरी."

"अहो, कोरी म्हणजे... कोऱ्या चहासारखी! पाणी असतं, साखर असते, फक्त दूध नसतं. तशी फक्त औषधाशिवाय!"

"कोरा चहा?" काका ताठ बसले. "कोरं कापड म्हणजे काय, सांगा. पाणी न लागलेलं! धुवट नव्हे ते कोरं. आधी भिजवायचं, आटवायचं, मग कात्री लावायची. गिऱ्हाईक कापड टाकायला आलं की पहिला प्रश्न तोच, कोरं आहे का भिजवलेलं?"

"आणि तो वेगळा पंप? तो कशाला दिला होता मग?"

"मला वाटलं, पंपही कोराच ठेवायचाय. पुसून टांगून ठेवलाय. दाखवू?"

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी मला वाटलं, रडताहेत. मग वाटलं, हसताहेत. बहुतेक दोन्ही चाललं होतं. "तहान," त्या बोटांमधून म्हणाल्या. "ती तहानेची पानं होती, काका. आम्ही सगळे विष शोधत बसलो आणि त्यांना नुसती तहान लागली होती."

मला त्या पापडासारख्या चुऱ्याची आठवण झाली. सगळं जुळलं.

सरांना सांगितलं तेव्हा ते हुंकारायचंसुद्धा विसरले. मग काचघराच्या पायरीवरच बैठक बसली आणि माझ्या डोळ्यांदेखत एका शब्दावर असा खल झाला, की काय सांगू! सर म्हणाले, "ऐकायला छान आहे. म्हणूनच मला पटत नाही. सिद्ध करा." (बघा, म्हणून मला हा माणूस आवडतो.) तेव्हा तीन रांगा लावायचं ठरलं. एक औषधाची, एक नुसत्या पाण्याची आणि एक मुद्दाम तहानलेली. पाण्याच्या रांगेवर पंप कोण मारणार, असा प्रश्न आला. मग ताई म्हणाल्या, "काकाच मारतील. मी दारात उभी राहते, आत शिवत नाही. सर, तुम्हीही या."

तिघांनी मिळून ते केलं. काकांनी नवा पंप खाली काढला आणि कोऱ्या पंपाची घडी मोडली, नव्या लुगड्याची मोडावी तशी. पाणी पडलं तशी ती रोपं थरथरली. काका पुटपुटले, "प्या बाळांनो. आता परवानगी आहे."

निकाल यायला वेळ लागला. तेवढा सगळा वेळ काका पायरीवरच होते आणि मी त्यांच्या सोबतीला. मला धाकधूक होती. समजा, पुन्हा तीच पानं उघडलेली निघाली तर? समजा, काकांचं कापड, ताईंचा चहा, सगळी नुसतीच गोड गोष्ट असली तर? गोष्टी गोड असतात तेव्हाच मला भीती वाटते.

ज्या दिवशी निकाल आला, त्या दिवशी सर स्वतः आले. मुठीतून टेपचं टोक लोंबत होतं.

"पाण्याची रांग शांत आहे," सर म्हणाले. "तहानेची रांग आधीच्या निकालासारखी पेटलेली. आणि औषधाच्या रांगेत ते चिवट तण काय करतं, ते आता लख्ख दिसतंय. विष मोडायची पानं उघडतं, काम उरकतं, मिटून टाकतं."

काकांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी?"

सरांनी मूठ उघडली. किल्ली टेपच्या तुकड्यात तशीच गुंडाळलेली होती. सोडून पाहण्याचं धाडस त्यांनाही झालं नसावं. म्हणाले, "मी पाण्यावर संशय घेतला, खलावर घेतला, तुमच्यावर घेतला. आमच्या तोंडच्या शब्दावर घ्यायचा राहिला. चुकलं, काका."

काकांनी किल्ली खिशात टाकली, वरून थोपटली. "चालायचंच, साहेब. कापड आटतंच. आधी भिजवलं असतं तर कळलं असतं."

माझ्याविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. पण जाता जाता सरांनी मला बोटाच्या पेरानं वाजवलं. बद्द आवाज आला. ते जरा थांबले, आणि मला तिथेच राहू दिलं.

त्यानंतर त्या प्रयोगशाळेत 'कोरी' हा शब्द कोणी वापरत नाही. नुसत्या पाण्याच्या रांगेला 'ओली' म्हणतात. नवीन येणारे विचारतात, "सगळ्याच रांगांना पाणी घालता, मग हिलाच ओली का?" जुने म्हणतात, "पूर्वीपासूनच म्हणतात." आणि काम सांगितलं, की ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, हाही नियम झाला आहे. काका तर ताईंना मुद्दाम चिडवतात, "थांबा ताई. 'थोडं' पाणी म्हणालात. चहाचं थोडं की कापडाचं थोडं?"

मी अजून पायरीवर आहे. माझ्या भेगेत थोडी माती साचली आणि तिच्यात एक बी कुठूनसं येऊन पडलं. आता लालसर देठाची दोन पानं वर आली आहेत. हो, तेच ते तण. ज्याची भावंडं मी आयुष्यभर कुटली, ते माझ्याच छातीवर उगवलंय. ते इथे प्रेमानं आलंय की सूड घ्यायला, याची मी अजून चौकशी करतो आहे. त्याची मुळं भेग रुंद करताहेत, हेही मला कळतं. काका सगळीकडची तणं उपटतात, पण हे सोडून देतात. जाता येता बोटांनी पाणी शिंपडतात.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं जपून झालं. संशय घेऊ नका, असं तर मुळीच म्हणणार नाही. खलाच्या तोंडी ते शोभायचं नाही. फक्त कोणाच्या खिशातली किल्ली काढून घेण्याआधी, तुम्ही त्याला काय सांगितलं होतं आणि त्यानं काय ऐकलं, एवढं एकदा विचारा. आपले शब्द वापरण्याआधी भिजवून, आटवून घ्या.

बरं, आता मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत परत सांगा पाहू. आणि हात मागे.